कण्हण्याची इंग्रजी, नोंदीची इंग्रजी

‘आय ॲम टायर्ड’ असे म्हणू नका, असा हुकूम सध्या मोबाइलच्या पडद्यावरून रोज सुटत असतो. त्याऐवजी ‘वॉर्न आउट’ म्हणा, ‘वाइप्ड आउट’ म्हणा, जमल्यास ‘बर्न्ट आउट’ म्हणा. ‘सॅड’ हा शब्द म्हणे बालवाडीतला. मोठ्या माणसाने ‘फीलिंग डाउन’ असावे. मिनिटभराच्या चित्रफितीत दहा वाक्प्रयोग, प्रत्येकाखाली मराठी अर्थ आणि शेवटी इंग्रजांसारखे बोलू लागण्याचे आश्वासन. मनाच्या दुखण्यांविषयी घराघरांत थोडे मोकळेपणाने बोलले जाऊ लागले, ही अलीकडच्या काळातली चांगली गोष्ट. तिच्या मागोमाग स्वास्थ्याच्या इंग्रजीचा बाजार उभा राहिला आणि ‘आपल्याला भावना सांगता येत नाहीत, कारण त्या सांगायला आपल्याकडे इंग्रजी वाक्प्रयोग नाहीत’ हे त्या बाजाराचे ब्रीद झाले.

या बाजारात सर्वाधिक खप फ्रेझल व्हर्ब्जचा आहे. साध्या क्रियापदापुढे अप, डाउन, आउट, ऑफ असे एखादे चिटुकले अव्यय येऊन बसते आणि दोघे मिळून तिसराच अर्थ सांगू लागतात. ‘थ्रो’ ठाऊक, ‘अप’ ठाऊक. तरी ‘थ्रो अप’ म्हणजे उलटी हे त्यातून उमगत नाही. ही अडचण आजची नाही. डॉ. सॅम्युअल जॉन्सनने 1755च्या आपल्या कोशाच्या प्रस्तावनेतच परदेशी माणसाची सर्वांत मोठी पंचाईत इथे होते, असे नोंदवून ठेवले आहे. ‘फ्रेझल व्हर्ब’ हे नाव मात्र लोगन पिअरसल स्मिथच्या 1925 सालच्या पुस्तकाने रूढ केले. मराठी माणसाने इंग्रजीशी केलेली झटापट सर्वांच्या परिचयाची आहे: तर्खडकर भाषांतर पाठमाला, मग कपिल देवच्या जाहिरातीसह घरोघर पोचलेले रॅपिडेक्स, मग 2000 सालापासून मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी. तो इतिहास इथे पुन्हा उगाळण्याचे कारण नाही.

या विषयावरची काही मते एकेका ओळीत बाजूला ठेवता येतील. फ्रेझल व्हर्ब म्हणजे बाजारू इंग्रजी, सभ्य माणसाने लॅटिन वळणाचेच शब्द वापरावेत, असे सांगणाऱ्या जुन्या हेडमास्तरांनी आजारी इंग्रज कधी ऐकलेला नसावा. मराठी असताना हे हवेच कशाला, असे विचारणाऱ्यांची मुले बहुधा इंग्रजी शाळेत असतात. भाषांतराचे ॲप सगळे निभावून नेईल म्हणणाऱ्यांना एवढेच सांगावे की चक्कर येणारा माणूस ॲप उघडेपर्यंत उभा राहत नाही.

एका मताला मात्र असे एका ओळीत वाटेला लावता येत नाही, कारण ते हुशार आहे आणि हुशार असल्यामुळेच जास्त नुकसान करते. ते मत गुरुकिल्लीचे. घोकंपट्टी सोडा, अव्ययाचा अर्थ समजून घ्या, असे ते सांगते. अप म्हणजे वर, आणि वर म्हणजे चांगले. डाउन म्हणजे खाली, आणि खाली म्हणजे वाईट. ‘चिअर अप’, ‘फीलिंग अप’, ‘पर्क अप’ इकडे; ‘रन डाउन’, ‘ब्रेक डाउन’, ‘केम डाउन विथ फ्लू’ तिकडे. किल्ली हातात आली की कुलपे आपोआप उघडतील! याची मुळे जॉर्ज लेकॉफ आणि मार्क जॉन्सन यांच्या 1980 सालच्या ‘मेटाफर्स वुई लिव्ह बाय’ या पुस्तकात आहेत. आनंद वर, दुःख खाली. आरोग्य वर, आजार खाली. आजारी माणूस आडवा होतो, मेलेला तर होतोच, म्हणून भाषेने ही दिशा उचलली, असे त्यांचे म्हणणे. पुस्तक विचारप्रवर्तक आहे. त्या दोघांनी ते इंग्रजी संभाषणाच्या शिकवणीसाठी लिहिलेले नव्हते, आणि त्याच पुस्तकात अनिश्चिततेलाही त्यांनी वरचीच दिशा दिलेली आहे, हे किल्ली विकणारे सोयीस्करपणे विसरतात.

या किल्लीची परीक्षा घ्यायला लंडनला जायला नको, विरारची लोकल पुरे. मराठी माणूस कंटाळतो तेव्हा ‘फेड अप’ होतो. मनाला लागले की ‘अपसेट’ होतो. प्रेम मोडले की त्याचे ‘ब्रेकअप’ होते. तीन ‘अप’, तिन्ही दुःखाचे, आणि तिन्ही कुठल्याही यादीवाचून आपल्या बोलण्यात येऊन बसलेले. शेजारी इंग्रजीतले आणखी ठेवावेत: उलटी होणे म्हणजे ‘थ्रो अप’, मनातले मनात कोंडणे म्हणजे ‘बॉटल अप’, डोके भडकलेला माणूस ‘वर्क्ड अप’, जुने गुडघेदुखीचे दुखणे उसळले की ‘फ्लेअर अप’, आणि गुडघा नुसताच त्रास देऊ लागला तर ‘प्लेइंग अप’. उलट बाजूला पाहावे तर ‘काम डाउन’, ‘सेटल डाउन’, ‘वाइंड डाउन’ ही सगळी सुखाची. सूजही ‘डाउन’ गेली की बरे वाटते.

यावर किल्लीवाल्यांचे उत्तर तयार असते. ‘अप’चे दोन अर्थ आहेत, ते सांगतात: एक वर आणि दुसरा पुरेपूर, संपेपर्यंत. ‘फेड अप’ म्हणजे पोट फुटेपर्यंत खाल्लेला. ‘ब्रेक अप’ म्हणजे पुरते तुकडे. मग ‘थ्रो अप’? तिथे पोटातले खरोखरच वर येते, म्हणून तिसरा अर्थ. ‘प्लेइंग अप’? त्यासाठी चौथा शोधला जाईल. प्रत्येक कुलपासाठी नवी किल्ली घडवून द्यायची आणि तिला गुरुकिल्ली म्हणायचे, असा हा व्यवहार. शिवाय कोणत्या प्रयोगात कोणता ‘अप’ आहे हे ओळखायचे कसे? अर्थ आधीच ठाऊक असेल तरच. म्हणजे ज्याला अर्थ माहीत आहे त्याला किल्ली लागू पडते आणि ज्याला माहीत नाही त्याला ती दाराबाहेरच ठेवते. समजल्यानंतर स्पष्टीकरण म्हणून ती रंजक आहे. समजून घेण्याचे साधन म्हणून कुचकामी.

आपल्या स्वतःच्या भाषेत तरी ती कुठे चालते? चेहरा उतरला की माणूस खिन्न असतो, ताप उतरला की घर सुटकेचा श्वास टाकते. ताप चढतो ते वाईट, पारा चढतो तेही वाईट. माणूस ‘वर गेला’ म्हणजे तर संपलाच. लेकॉफ-जॉन्सनच्या हिशेबाने त्याने खाली जायला हवे होते. पण एकाही मराठी मुलाला या विसंगतीने कधी अडवलेले नाही, कारण त्याने ‘उतरणे’ या क्रियेचा दिशादर्शक अर्थ शिकून मग ताप आणि चेहरा यांना लावला नाही. आईचा हात कपाळावर असताना ‘उतरला गं बाई’ हे त्याने ऐकले, आणि शेजारीण ‘चेहरा का असा उतरलाय’ असे कुणाला तरी विचारताना ऐकली. अर्थ त्याला त्या प्रसंगासह मिळाला.

किल्लीचा पुरता निकाल एकाच वाक्यात लागतो. ‘इट्स वेअरिंग ऑफ’, म्हणजे हळूहळू ओसरत चालले आहे. ही बातमी चांगली की वाईट? दुखणे ओसरत असेल तर चांगली. दात काढण्यापूर्वी दिलेल्या भुलीचा अंमल ओसरत असेल तर फार वाईट, आणि दंतवैद्याला ती ताबडतोब कळायला हवी. तसेच ‘पिक्ड अप’. वॉर्डातली म्हातारी ‘पिक्ड अप’ झाली म्हणजे तिच्यात सुधारणा आहे. तिने काही ‘पिक अप’ केले असेल तर तिला संसर्ग झाला आहे. अव्यय तेच, क्रियापद तेच. अर्थाचा फैसला करते ते तिसरेच काही: कोण बोलतो आहे, कशाबद्दल आणि कोणापाशी.

आकडेही हेच सांगतात. डी गार्डनर आणि मार्क डेव्हिस यांनी 2007 साली दहा कोटी शब्दांच्या ब्रिटिश नॅशनल कॉर्पसमधून फ्रेझल व्हर्ब्ज मोजली. सर्वाधिक वापराची 100 रूपे घेतली की या प्रकारातला निम्म्याहून अधिक वापर त्यात येतो, असे त्यांना आढळले. यादीवाल्यांना ही पर्वणीच. शंभर पाठ करा, अर्धा किल्ला सर. पण त्याच अभ्यासात त्या 100 रूपांना कोशातले 559 अर्थ निघाले, म्हणजे दर रूपामागे साडेपाच. पुढे 2015 मध्ये मेलोडी गार्निए आणि नॉर्बर्ट श्मिट यांनी 150 रूपांची यादी करून नेहमी लागणारे तेवढेच अर्थ ठेवले, तरी ते 288 झाले. चार्ल्स ऑग्डेनने 1930 मध्ये 850 शब्दांची ‘बेसिक इंग्लिश’ मांडली तेव्हा क्रियापदे अवघी 18 ठेवली होती. ती त्याला पुरली, कारण ‘टॉलरेट’ काढून टाकले की ‘पुट अप विथ’ घ्यावे लागते. शब्दांची संख्या घटली आणि शिकण्याचे ओझे होते तेवढेच राहिले. फक्त ते मोजदादीत दिसेनासे झाले.

मग हे शिकायचे तरी कशासाठी? खरा प्रश्न हा आहे आणि चित्रफितींच्या गर्दीत तो कोणी विचारतच नाही. तिथे गृहीत असे धरलेले असते की ही क्रियापदे शिकणाऱ्याने स्वतः बोलायची आहेत. जितकी जास्त, तितके इंग्रजी अस्सल. स्वास्थ्याच्या बाबतीत तरी हे गृहीतक उलटे आहे.

दुखण्याच्या भाषेत दोन भाषा असतात. एक कण्हण्याची आणि दुसरी नोंदीची. ज्याला दुखते आहे तो आपल्या घरच्या, लहानपणीच्या, अर्धवट वाक्यांच्या भाषेत सांगतो. ज्याला ते लिहून घ्यायचे, कळवायचे, त्यावर काही करायचे आहे, तो ते नेमक्या आणि सर्वांना सारख्या कळणाऱ्या शब्दांत बदलून घेतो. इंग्रजीत ही फट फार रुंद आहे, कारण घरचे शब्द बहुतांशी जर्मानिक कुळातले आणि नोंदीचे शब्द लॅटिन-ग्रीकमधून आलेले. आपल्या शाळेने मुलांना नोंदीचे इंग्रजी दिले: व्हॉमिट, फेंट, रिकव्हर, डिटिरिओरेट. कण्हण्याचे इंग्रजी दिलेच नाही, आणि आता बाजार ते द्यायला निघाला आहे तो ते मुलांच्या तोंडात कोंबून. ते हवे आहे कानाला.

ब्रिटनमधल्या एखाद्या साध्या दवाखान्यात सकाळी काय काय कानावर पडते ते पाहावे. ‘आय वॉज सिक ट्वाइस’ असे रुग्ण म्हणतो. आपल्याकडच्या इंग्रजीत ‘सिक’ म्हणजे आजारी, तिथे तो दोनदा उलटी झाल्याचे सांगत असतो. म्हातारी ‘फनी टर्न’ आल्याचे सांगते; त्यात हसण्यासारखे काही नाही, तिला अचानक भोवळ आलेली असते आणि त्यामागे हृदयाचे किंवा मेंदूचे कारण असू शकते. खोकणाऱ्याला ‘आर यू ब्रिंगिंग एनिथिंग अप’ असे विचारले जाते, म्हणजे बेडका पडतो का. ‘वॉटरवर्क्स’ म्हणजे लघवीची तक्रार. ‘पिन्स अँड नीडल्स’ म्हणजे आपल्या मुंग्या. ‘आय पुट माय बॅक आउट’ म्हणजे कंबर धरली. ‘नॉट टू बॅड’ म्हणजे बहुधा बरे आहे. यातले एकही वाक्य सांगली किंवा नागपूरहून तिथे गेलेल्या परिचारिकेने स्वतः बोलायची गरज नाही. तिने ‘फेंट’ म्हटले, ‘व्हॉमिट’ म्हटले, तरी समोरच्या प्रत्येकाला कळते. तिला ‘फनी टर्न’ कळले नाही तर मात्र एक माणूस न तपासता घरी जाऊ शकतो.

हा सगळा वाद या असमतोलावर उभा आहे. न बोललेल्या फ्रेझल व्हर्बची किंमत शून्य. न समजलेल्याची किंमत एखाद्या वेळी फार मोठी. बाजार नेमके उलटे विकतो.

मराठी मुलखात हे नवे वाटू नये. वैद्यकीय शिक्षण इंग्रजीतून झालेल्या डॉक्टरसमोर रुग्ण येतो आणि म्हणतो, अंग मोडून आलंय, कसकस आहे, जीव घाबरा होतोय, हातापायाला मुंग्या येतात, पोटात ढवळतंय, पित्त उसळलंय. डॉक्टर कागदावर भलतेच काही लिहितो आणि बरोबर लिहितो. परराज्यातून येऊन गडचिरोलीत नेमणूक झालेल्या डॉक्टरने ‘जीव घाबरा होतोय’ हे झोकात म्हणून दाखवावे, अशी कोणाची अपेक्षा नसते. म्हणणाऱ्या बाईला नेमके काय होते आहे, धडधड की दम लागणे की भीती, हे त्याला कळावे आणि न कळल्यास उलट विचारता यावे, एवढे पुरे. 2019 पासून एमबीबीएसच्या पहिल्या वर्षाच्या सुरुवातीच्या पायाभूत अभ्यासक्रमात स्थानिक भाषेला जागा मिळाली ती याच कारणाने. तिथे कोणी ‘मराठी माणसासारखे बोला’ असे आश्वासन देत नाही.

शिवाय मराठी माणसाला या प्रकारच्या क्रियापदांचा सराव नाही, हेही खरे नाही. 1985 साली मेनाकेम डागुट आणि बाटिया लाउफर यांनी हिब्रूभाषक विद्यार्थ्यांचा अभ्यास केला. हे विद्यार्थी फ्रेझल व्हर्ब टाळतात आणि एकशब्दी पर्याय धरतात, कारण त्यांच्या भाषेत अशी रचना नाही, असा निष्कर्ष त्यांनी काढला. मराठीतही क्रियापदापुढे ‘अप’ आणि ‘आउट’ लागत नाहीत. पण दुसरे क्रियापद लागते, आणि ते तेवढेच लहरी असते. बोलून टाक, बोलून घे, बोलून बसला, बोलून गेला. पहिल्यात मन मोकळे करण्याचा आग्रह, दुसऱ्यात संधी आहे तोवर उरकण्याचा सल्ला, तिसऱ्यात पश्चात्ताप, चौथ्यात बेसावधपणा. माणूस खचून जातो, सावरून घेतो, रडून घेतो, मनाला लावून घेतो, हाय खाऊन बसतो. स्वास्थ्याची जवळजवळ सगळी बोली मराठी या जोडीतून उभी करते. ‘भावना सांगायला आपल्याकडे शब्द नाहीत’ म्हणणाऱ्यांनी एकदा आजोळी जाऊन दुपारभर ऐकून घ्यावे. (हे ‘ऐकून घेणे’सुद्धा त्याच जातीचे; त्यात निमूटपणा आहे.)

डागुट-लाउफरांच्या निष्कर्षावर पुढे बरीच चर्चा झाली. डच विद्यार्थ्यांच्या अभ्यासात अर्थाशी निगडित कारणेही पुढे आली. पण या साऱ्या चर्चेत टाळणे म्हणजे उणीव, हे गृहीत तसेच राहिले. ती उणीव का मानावी? परक्या भाषेत आपले दुखणे सांगताना जो साधा, एकच अर्थ असलेला शब्द निवडतो, तो शहाणपणाच करतो. ‘पास आउट’चेच पाहा. आपल्याकडे मुलगा 2015 साली ‘पास आउट’ झाला म्हणजे पदवी घेऊन बाहेर पडला, आणि खडकवासल्याच्या एनडीएत तर ‘पासिंग आउट परेड’च असते. (भर उन्हात एखादा कॅडेट दुसऱ्या अर्थानेही तसा होत असेल, तो भाग वेगळा.) अशा मुलाने परदेशी डॉक्टरला ‘आय पास्ड आउट इन 2015’ असे सांगितले, तर डॉक्टर पुढचा प्रश्न झटका आला होता का, असा विचारील. ‘ग्रॅज्युएटेड’ आणि ‘फेंटेड’ हे शाळेतले शब्द इथे खरे उपयोगाचे.

दुसरी बाजूही मान्य केली पाहिजे. नोंदीची भाषा कण्हणाऱ्याच्या तोंडी गेली की काहीतरी बिनसते, आणि ते आपल्याकडे घडलेले आहे. वडील ‘एक्स्पायर’ झाले, पेशंट ‘सीरिअस’ आहे, ‘बॉडी’ कधी मिळणार: हे शब्द इस्पितळाच्या कागदावरून उठून थेट घरच्यांच्या बोलण्यात शिरले. मराठीत ‘बाबा गेले’ म्हणणारा मुलगा इंग्रजीत औषधाच्या बाटलीला लागू पडणारा शब्द वडिलांना लावतो, कारण ‘पास्ड अवे’ त्याला कोणी ऐकवलेच नव्हते. तेव्हा काही थोडे प्रयोग बोलण्यासाठीही हवेत, हे कबूल. मृत्यूची बातमी देणे, सांत्वन करणे, आजाऱ्याची चौकशी करणे, एवढ्यांपुरते. असे प्रयोग बोटांवर मोजण्याइतके आहेत आणि ते विचारपुशीचे आहेत, आपल्या दुखण्याच्या वर्णनाचे नाहीत. ‘यू ऑल राइट?’ या ब्रिटिश अभिवादनाने दचकून आपला चेहरा आजारी दिसतो की काय, असे वाटणारा नवखा विद्यार्थी या वर्गाचाच. त्याला उत्तर काय द्यायचे हे शिकवायला एक तास पुरतो.

मनाच्या दुखण्यांत प्रकरण अधिक नाजूक होते, आणि चित्रफिती सर्वाधिक बेफिकीर होतात त्या इथेच. ‘टायर्ड’ऐवजी ‘बर्न्ट आउट’ म्हणा, असे सांगणाऱ्याला ते समानार्थी वाटतात. हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गरने 1974 साली ‘बर्नआउट’विषयी लिहिले ते सेवाभावी दवाखान्यांत राबून आतून रिकाम्या झालेल्या कार्यकर्त्यांविषयी. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये रोगांच्या अकराव्या वर्गीकरणात बर्नआउटची नोंद घेतली, तीही आजार म्हणून घेतलेली नाही. कामाच्या ठिकाणच्या, नीट हाताळल्या न गेलेल्या दीर्घ ताणातून उद्भवणारी अवस्था म्हणून घेतली. कार्यालयात हा शब्द उच्चारणारा माणूस आपल्या कामाच्या परिस्थितीबद्दल एक विधान करत असतो. बहुराष्ट्रीय कंपनीतल्या पुणेकर मुलीने केवळ इंग्रजी नटावे म्हणून सोमवारी सकाळी तो वापरला, तर वरिष्ठ तिला रजा देतील किंवा प्रकल्पावरून काढतील. ती फक्त थकली होती. ‘टायर्ड’ हा शब्द बालवाडीतला नाही, तो खरा आहे.

इथे पुन्हा किल्लीवाले म्हणतील की ‘आउट’चा अर्थ समजावला असता, जळून संपणे हे चित्र दाखवले असते, तर तिने चूक केली नसती. चित्र तिला नक्कीच दिसले असते. ‘वॉर्न आउट’, ‘वाइप्ड आउट’ आणि ‘बर्न्ट आउट’ तिन्हींत संपण्याचेच चित्र आहे. पहिली दोन संध्याकाळी मैत्रिणीला सांगायची आणि तिसरे ऐकले की मनुष्यबळ विभागाने कान टवकारायचे, हा फरक चित्रात कुठेच नाही. तो प्रसंगात आहे.

तेव्हा शिकवण्याची दिशा बदलायची तर ती कानापासून. फ्रेझल व्हर्बमध्ये आघात बहुधा अव्ययावर पडतो आणि क्रियापद घाईत गिळले जाते. आपले विद्यार्थी नेमके उलटे, क्रियापदाकडे कान लावून बसतात आणि ‘पास्ड’ ऐकून परीक्षेच्या निकालाकडे वळतात. हे छापील यादीने सुटत नाही, ध्वनिमुद्रणाने सुटते. यादी हवीच असेल तर तिच्यात अर्थाच्या आधी म्हणणारा हवा: रुग्ण, नातेवाईक, सहकारी, शेजारी. आणि वापराचे वाक्य बनवा, हा स्वाध्याय काढून टाकून त्या जागी दोन प्रश्न हवेत: हे ऐकल्यावर तुम्हाला काय कळले, आणि खात्री करून घ्यायला तुम्ही उलट काय विचाराल? ‘व्हेन यू से फनी टर्न, व्हॉट हॅपन्ड एक्झॅक्टली?’ असे विचारता येणारी मुलगी दहा वाक्प्रयोग फेकणाऱ्या मुलापेक्षा इंग्रजीत पुढे आहे, मग परीक्षेतले गुण काहीही सांगोत.

परदेशी जाणाऱ्या परिचारिका देतात त्या ऑक्युपेशनल इंग्लिश टेस्टने हे केव्हाच ओळखले आहे. तिच्या श्रवण विभागाच्या पहिल्या भागात रुग्णाशी झालेले दोन संवाद ऐकवतात आणि ते ऐकत असताना टिपणातल्या 24 रिकाम्या जागा भरायच्या असतात. रुग्ण आपल्या भाषेत कण्हत असतो, उमेदवार नोंद करत असतो. आपल्या शिकवण्यांनी आणि पाठ्यपुस्तक मंडळाने याहून वेगळे काही शोधून काढण्याची गरज नाही. हा एक स्वाध्याय उचलला आणि नववी-दहावीच्या वर्गांत आठवड्यातून एकदा चालवला, तरी ‘आय ॲम टायर्ड’ म्हणू नका, असे सांगणाऱ्या सगळ्या चित्रफितींपेक्षा त्याचा उपयोग जास्त होईल.